पुढाऱ्याची परीक्षा : रायगड ते जिंजी

यंदाच्या स्मरणिकेसाठी 'यशस्वी पुढाऱ्याचे गुण' या विषयावर आम्ही चार शब्द लिहावेत, अशी संपादक मंडळाची आज्ञा झाली. विषय ऐकून प्रथम आम्ही बिचकलोच. आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. पुढे शिक्षकी पेशाची परीक्षा दिली आणि सारी हयात प्राथमिक शाळेत मुलांना मराठी व इतिहास शिकविण्यात गेली. अशा माणसाने पुढारपणावर काय लिहावे? गुणांची यादीच करावयाची तर ती अवघड नाही. धैर्य, सचोटी, दूरदृष्टी, वक्तृत्व, कष्टाळूपणा हे शब्द प्रत्येक सत्कारसमारंभात आपल्या कानांवर पडतात. परंतु अशी यादी पाठ करून कोणी पुढारी झाल्याचे आमच्या ऐकिवात नाही. यास्तव ज्ञातिबंधु-भगिनींसमोर यादी न ठेवता, इतिहासातील एका कठीण काळाची हकीकत ठेवावी आणि त्यातून काय निष्पन्न होते ते पाहावे, असे आम्ही योजिले आहे.

हा काळ आम्हांस एका विद्यार्थिनीने दाखवून दिला, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. पुष्कळ वर्षांपूर्वीची गोष्ट. इयत्ता चौथीच्या वर्गात शिवछत्रपतींचे चरित्र शिकवून संपले आणि आम्ही पुस्तक मिटले. इतक्यात मागच्या बाकावरून एका मुलीने विचारले, "गुरुजी, महाराज गेल्यावर राज्य कुणी चालवलं?" आम्ही म्हणालो, "संभाजी महाराजांनी." तिने लगेच विचारले, "आणि ते गेल्यावर?" आम्ही राजाराम महाराजांचे नाव घेतले. "मग ते तर लांब निघून गेले ना? मग इथं कोण होतं?" तेवढ्यात घंटा झाली आणि 'पुढच्या इयत्तेत कळेल' असे सांगून आम्ही वेळ मारून नेली. खरे कारण निराळेच होते. त्या प्रश्नाचे उत्तर आम्हांसच नीट ठाऊक नव्हते. सेवानिवृत्तीनंतर सवड मिळाली, गावच्या वाचनालयातील ग्रंथ चाळले, तेव्हा त्या लहान मुलीने किती मोठा प्रश्न विचारला होता हे ध्यानी आले.

आता मूळ हकीकतीकडे वळू. ३ एप्रिल १६८० रोजी शिवछत्रपती रायगडावर निधन पावले. पुढच्याच वर्षी औरंगजेब बादशहा उत्तर हिंदुस्थान सोडून दक्षिणेकडे निघाला. त्याने १६८६ साली विजापूर व १६८७ साली गोवळकोंडा अशी दोन जुनी राज्ये बुडविली आणि मग आपले सारे बळ मराठ्यांवर लोटले. फेब्रुवारी १६८९ मध्ये संगमेश्वर येथे संभाजी महाराज शत्रूच्या हाती सापडले आणि ११ मार्च १६८९ रोजी अत्यंत क्रूरपणे त्यांचा वध करण्यात आला. राजा गेला, फौजेची दाणादाण झाली, एकामागून एक किल्ले पडू लागले. त्याच मार्च महिन्यात बादशहाचा सरदार इतिकादखान याने रायगडास वेढा घातला. हाच पुढे झुल्फिकारखान या नावाने प्रसिद्धीस आला. त्या वेळी गडावर होत्या संभाजी महाराजांच्या पत्नी महाराणी येसूबाई, त्यांचा सात वर्षांच्या आतला मुलगा शाहू आणि एकोणीस वर्षांचे दीर राजाराम.

येथे वाचकांनी क्षणभर थांबून येसूबाईंची स्थिती मनात आणावी. शृंगारपूरच्या शिर्क्यांची ही लेक सामान्य गृहिणी नव्हती. संभाजी महाराज मोहिमेवर असत तेव्हा राजधानीचा कारभार त्या पाहत आणि 'श्री सखी राज्ञी जयति' ही मुद्रा त्यांच्या नावे चाले. म्हणजे सत्ता म्हणजे काय हे त्यांस पूर्ण ठाऊक होते. वारस म्हणून पोटचा मुलगा मांडीवर होता. त्यास गादीवर बसवावे आणि त्याच्या नावाने आपण राज्य करावे, हा मार्ग त्यांस मोकळा होता व तो रूढीसही धरून होता. उलटपक्षी राजारामांविषयीचा पूर्वेतिहास काही गोड नव्हता. १६८० साली संभाजी महाराजांस डावलून याच राजारामांस गादीवर बसविण्याचा घाट काही प्रधानांनी घातला होता आणि त्यानंतर राजाराम रायगडावर नजरेखालीच वाढले होते. ज्याच्या नावाने आपल्या पतीविरुद्ध कट झाला, त्याच्याच हाती राज्य द्यावयाचे, हे कोणत्या पत्नीस व मातेस सोपे वाटेल?

तथापि येसूबाईंनी तेच केले. काळ असा होता की, घोड्यावर बसून दौड मारील, रानावनांत राहील, सरदारांत वावरेल असा राजा हवा. सात वर्षांच्या बालकाचे ते काम नव्हे, हे त्यांनी ओळखले. संभाजी महाराज पकडले गेल्याचे कळताच फेब्रुवारीतच राजारामांचे मंचकारोहण झाले. पुढे वेढा पडल्यावर सर्वांनी एकाच गडावर अडकून पडू नये, राजारामांनी बाहेर पडून राज्य राखावे आणि आपण मुलासह गड लढवावा, असा निर्णय झाला. ही सल्ला येसूबाईंनीच दिली असे बखरकार सांगतात. ५ एप्रिल १६८९ रोजी राजाराम रायगडावरून निसटून प्रतापगडाकडे गेले. येसूबाई मागे राहिल्या. त्यांनी सुमारे सात महिने गड झुंजविला व मोगलांची एक मोठी फौज तेथे गुंतवून ठेवली. ३ नोव्हेंबर १६८९ रोजी रायगड पडला. मायलेक बादशहाच्या कैदेत गेली. शाहूराजे १६०७ नव्हे, तर १७०७ साली, म्हणजे तब्बल अठरा वर्षांनी सुटले. येसूबाई १७१९ साली महाराष्ट्रात परतल्या. जवळजवळ तीस वर्षांचा तो कारावास! पुढाऱ्याच्या गुणांत पहिले स्थान कशास द्यावे असे आम्हांस कोणी विचारल्यास आम्ही ही हकीकत सांगू. आपला हक्क कोणता हे पाहण्याआधी कामास कोण योग्य हे पाहणे, हा तो गुण होय. हा गुण ज्याच्या ठायी नाही त्याचे बाकीचे सारे गुण अखेर त्याच्या स्वतःच्याच कामी येतात.

आता राजाराम महाराजांचा प्रवास पाहा. प्रतापगडावरून पन्हाळा आणि तेथून सप्टेंबरच्या अखेरीस वेषांतर करून दक्षिणेची वाट त्यांनी धरली. मोगलांची पथके मागावर होती. तुंगभद्रेच्या परिसरात तर ते हाती लागता लागता वाचले. बेदनूरची राणी चेन्नम्मा हिने बादशहाच्या रोषाची पर्वा न करता त्यांस आपल्या मुलखातून वाट करून दिली. असे करीत, रायगड पडला त्याच सुमारास ते जिंजीस पोहोचले. आजच्या तमिळनाडूतील हा किल्ला तीन डोंगरांवर पसरलेला व अतिशय बळकट आहे. परंतु तो मराठ्यांचा कसा? शिवछत्रपतींनी १६७७ सालच्या कर्नाटकच्या स्वारीत तो घेतला, त्याची तटबंदी नव्याने बळकट करविली आणि तेथे आपली माणसे नेमली. रायगडापासून इतक्या दूरचा हा गड कशास हवा, असे तेव्हा कोणास वाटलेही असेल. त्यानंतर बारा वर्षांनी महाराजांच्या धाकट्या मुलास तोच गड आसरा देता झाला, आणि त्या वेळी महाराजांस जाऊन नऊ वर्षे लोटली होती. आपल्या मागे काय होईल याची तजवीज आपण असतानाच करून ठेवणे, हा पुढाऱ्याचा दुसरा गुण होय.

महाराजांनी मागे केवळ किल्ला ठेवला नव्हता, माणसेही तयार करून ठेवली होती. त्या मुलीच्या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर येथे मिळते. राजा जिंजीस, राणी व युवराज बादशहाच्या छावणीत, राजधानी शत्रूच्या हाती; मग महाराष्ट्रात कोण होते? येथे रामचंद्रपंत अमात्य होते. शिवछत्रपतींच्या राज्याभिषेकसमयी, १६७४ साली, अष्टप्रधानांत बसलेला हा तरुण प्रधान महाराजांच्या हाताखाली कारभार शिकलेला होता. राजाराम महाराजांनी जाताना त्यांस 'हुकुमतपन्हा' हा किताब देऊन महाराष्ट्रातील कारभाराचा अखत्यार सोपविला. त्यांच्या जोडीस शंकराजी नारायण सचिव व परशुराम त्रिंबक हे होते आणि रणांगणावर संताजी घोरपडे व धनाजी जाधव होते. पंतांनी विशाळगडाच्या आश्रयाने कारभाराची घडी बसविली. मे १६९० मध्ये साताऱ्याजवळ या मंडळींनी मिळून मोगलांचा मातबर सरदार रुस्तुमखान यास कुटुंबकबिल्यासह पकडले. त्याच वर्षी प्रतापगड, रोहिडा, राजगड व तोरणा हे किल्ले परत आले आणि १६९२ साली परशुराम त्रिंबक यांनी पन्हाळा घेतला. राजा शेकडो कोस दूर असता हे घडले, ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. प्रत्येक लहानमोठ्या गोष्टीस जिंजीहून आज्ञा येईपर्यंत थांबावयाचे असते, तर त्या आज्ञा घेऊन येणारे जासूद पोहोचेपर्यंत येथे गडच उरले नसते.

या मंडळींविषयी आणखी एक गोष्ट ज्ञातीच्या स्मरणिकेत मुद्दाम सांगावीशी वाटते. अमात्य, सचिव, चिटणीस, सेनापती, किल्लेदार, मावळातले शिपाई हे काही एका ज्ञातीचे नव्हते. खंडो बल्लाळ चिटणीसांचेच उदाहरण घ्या. त्यांचे वडील बाळाजी आवजी यांस १६८१ साली संभाजी महाराजांनी कटाच्या संशयावरून हत्तीच्या पायी दिले होते. तरीही हा पुत्र संभाजी महाराजांच्या व पुढे राजाराम महाराजांच्या सेवेत अखेरपर्यंत निष्ठेने राहिला. जिंजीच्या वेढ्यातून महाराजांस सोडवून आणण्यासाठी त्यांनी आपले दाभोळचे वतन शिर्क्यांस लिहून दिले, अशीही परंपरागत हकीकत आहे. आपल्या ज्ञातीचा अभिमान आपण अवश्य बाळगावा. परंतु ज्या कामाचा आपण अभिमान सांगतो ते काम अनेक ज्ञातींच्या हातांनी झाले आहे, याचेही स्मरण ठेवावे. ज्याची दृष्टी आपल्या घराच्या अंगणापलीकडे जात नाही, त्यास त्या अंगणाचेही रक्षण करता येत नाही.

आता पलीकडच्या पक्षाकडे पाहू, कारण तुलनेवाचून गुणाची पारख होत नाही. औरंगजेब बादशहा हा आळशी वा भेकड पुरुष नव्हता. राहणी साधी, उद्योग अखंड, स्मरणशक्ती तल्लख. वयाची ऐंशी वर्षे उलटल्यावरही तो स्वतः किल्ल्यांच्या वेढ्यांवर जात असे. आपण केलेल्या यादीतील पुष्कळ गुण त्याच्यापाशी होते. परंतु त्याचा कोणावर विश्वास नव्हता. पुत्र अकबर याने १६८१ साली बंड केले. वडील शहाजादा मुअज्जम यास १६८७ साली त्याने कैद केले, ते सुमारे आठ वर्षांनी सोडले. धाकटा कामबक्ष जिंजीच्या वेढ्यावर असता शत्रूशी संधान बांधतो या संशयावरून त्यास बादशाही सरदारांनीच अटकेत ठेवले. जिंजीचा तो वेढा १६९० पासून १६९८ पर्यंत चालला आणि किल्ला पडला तेव्हा राजाराम महाराज निसटून महाराष्ट्रात परतले होते. बादशहा १७०७ साली अहमदनगर येथे अठ्ठ्याऐंशी वर्षांचा होऊन मरण पावला. त्यानंतर दोन वर्षांच्या आत त्याच्या तीन मुलांपैकी दोघे आपसांतील युद्धात मारले गेले, आणि पुढील पन्नास वर्षांत त्या अफाट साम्राज्याचे काय झाले हे सर्वश्रुत आहे. एका बाजूस राजा नसताना काम चालत होते आणि दुसऱ्या बाजूस सारे काम एका माणसाच्या मुठीत होते. दोहोंपैकी कोणते टिकले, हे सांगावयास नको.

परंतु आपल्या पक्षाचे केवळ गोडवे गाणे हे इतिहासाच्या शिक्षकास शोभणार नाही. त्या काळात आपल्याही पुढाऱ्यांच्या हातून चुका झाल्या, आणि त्या आपल्यास अधिक शिकविणाऱ्या आहेत. पहिली चूक वतनांची. शिवछत्रपतींनी फौजेस रोख वेतन देण्यावर भर दिला व वतनदारांचे बळ आवरून धरले. राजाराम महाराजांजवळ खजिना नव्हता. तेव्हा सरदारांस धरून ठेवण्यासाठी वतने व इनामे देण्याचा मार्ग त्यांनी पत्करला. त्या निकडीच्या काळी दुसरा इलाज नव्हता हे खरे. तथापि पदाचे आमिष दाखवून जोडलेला माणूस पुढे त्या पदासाठीच भांडतो, हा अनुभव पुढील पिढ्यांस आला.

दुसरी चूक अधिक जिव्हारी लागणारी. संताजी घोरपडे यांच्यासारखा सेनानी त्या काळात दुसरा झाला नाही. नोव्हेंबर १६९५ मध्ये दोड्डेरी येथे त्यांनी कासिमखानाच्या सैन्याचा पुरा निकाल लावला व लगोलग जानेवारी १६९६ मध्ये बसवापट्टणजवळ हिंमतखानास ठार केले. त्यांचे नाव ऐकताच बादशाही छावणीत थरकाप होत असे. परंतु स्वभाव तापट, शिस्त अतिशय कडक. धनाजी जाधव तितकेच शूर, पण मनमिळाऊ व माणसे राखणारे. या दोघांत वितुष्ट आले. ते वेळीच मिटविणे हे राजाचे काम होते. राजाराम महाराज स्वभावाने उदार व क्षमाशील होते, पण दोन मोठ्या माणसांस समोरासमोर बसवून निवाडा करण्याचा करारीपणा त्यांच्याकडून या प्रसंगी दिसला नाही. संताजींचे सेनापतिपद गेले, मराठी फौज मराठी फौजेवर चालून गेली आणि जून १६९७ मध्ये एकाकी संताजी नागोजी माने याच्या हातून मारले गेले. बादशहाच्या साऱ्या फौजेस जे साधले नाही, ते आमच्या आपसांतील भांडणाने साधून दिले. कर्तबगार माणसांत मतभेद व्हावयाचेच. ते झाल्यावर कानावर हात ठेवून न बसता, दोघांचे ऐकून घेऊन स्पष्ट निवाडा देणे आणि दोघांनाही कामात राखणे, हा पुढाऱ्याचा तिसरा गुण. हा सर्वांत अप्रिय आणि म्हणूनच सर्वांत दुर्मिळ होय.

मार्च १७०० मध्ये सिंहगडावर राजाराम महाराज निवर्तले. महाराणी ताराबाई तेव्हा अवघ्या पंचविशीच्या. त्यांनी आपल्या लहान मुलास गादीवर बसवून सूत्रे हाती घेतली. पुढील सात वर्षे बादशहा सातारा, परळी, पन्हाळा, विशाळगड, सिंहगड, राजगड, तोरणा असे एकेक किल्ले घेत फिरत होता. त्याची पाठ वळताच त्यांतील कित्येक मराठे परत घेत होते. इतकेच नव्हे, तर मराठी फौजा नर्मदा ओलांडून माळव्यात व गुजराथेत गेल्या. हे कर्तृत्व असामान्य होते. परंतु १७०७ साली शाहूराजे सुटून आले, तेव्हा त्यांचा हक्क मान्य करून कारभारात वाट द्यावी हे ताराबाईंस रुचले नाही. खेडच्या लढाईत धनाजी जाधव शाहूंकडे गेले. राज्याचे दोन तुकडे झाले. आणि १७१४ साली त्यांच्याच पन्हाळ्यावर त्यांना व त्यांच्या मुलास कैदेत टाकण्यात आले. महाराणी ताराबाईंविषयी आमच्या मनात नितांत आदर आहे आणि त्यांची बाजूही लंगडी नव्हती. ज्या राज्यासाठी आपण सात वर्षे झुंज दिली ते दुसऱ्याने का मागावे, हा त्यांचा प्रश्न सहज समजण्यासारखा आहे. तरीही एकाच घराण्यातील या दोन राण्या शेजारी उभ्या केल्या असता जे दिसते ते असे : संकटात सूत्रे हाती घेण्याचे धैर्य ताराबाईंपाशी अपार होते, हाती असलेली सूत्रे वेळ येताच दुसऱ्यास देण्याचे धैर्य येसूबाईंनी दाखविले. दुसरे धैर्य पहिल्याहून कमी दर्जाचे नाही, किंबहुना ते अधिक कठीण आहे, असे आमचे नम्र मत आहे.

हे आम्ही कोणास शिकवावे म्हणून लिहीत नाही. आमचेच एक माप आमच्या पदरात घालून घेतो. आपल्या मंडळाच्या विद्यार्थी सहाय्य निधीचे काम आमच्याकडे अकरा वर्षे होते. हिशेब चोख होता. एका पैशाची तफावत कधी निघाली नाही आणि त्याचा आम्हांस अभिमानही होता. परंतु कोणत्या मुलास किती रक्कम, केव्हा व कोठे द्यावयाची, याची वही आमच्या कपाटात असे व कपाटाची किल्ली आमच्या उशाखाली. दोन वेळा तरुण सभासदांनी मदतीस येण्याची इच्छा दर्शविली. 'तुम्हांस जमावयाचे नाही' म्हणून आम्ही त्यांची बोळवण केली. एका पावसाळ्यात आम्ही जिन्यावरून घसरलो, मांडीचे हाड मोडले आणि दीड महिना रुग्णालयात पडून होतो. तो नेमका वसतिगृहाची फी भरण्याचा काळ. धनादेशावर आमचीच सही लागे आणि वही कोणास ठाऊक नव्हती. दोन मुलांची फी राहिली. एकाच्या वडिलांनी उसनवार करून ती भरली. दुसऱ्याचे वडील हयात नव्हते. तो मुलगा सामान घेऊन गावी गेला व वर्षभर मामाच्या दुकानात बसला. पुढच्या वर्षी तो पुन्हा शिकू लागला, आज तो नोकरीत आहे. पण त्याचे एक वर्ष गेले ते गेलेच. नंतर एका लग्नसमारंभात तो भेटला. त्याने वाकून नमस्कार केला, तक्रारीचा एक शब्द काढला नाही. तेच आम्हांस अधिक लागले.

त्या दिवसापर्यंत आपल्यावाचून निधीचे काम अडते, ही आमच्या मोठेपणाची खूण आहे असे आम्ही समजत होतो. ती आमच्या नाकर्तेपणाची खूण होती. प्रामाणिकपणा होता, कष्ट होते. पण आपल्यामागे काम चालावे याची तजवीज नव्हती. बादशहाचा दोष एवढ्याशा कपाटातही मावू शकतो, हे आम्ही स्वानुभवाने सांगतो. पुढील सर्वसाधारण सभेत आम्ही ते पद सोडले. आता तिशीच्या आतील एक भगिनी ते काम पाहते. ती सारे हिशेब संगणकावर ठेवते, त्यातले आम्हांस काही कळत नाही. परंतु तीन पदाधिकाऱ्यांना ते केव्हाही पाहता येतात आणि तेव्हापासून एकाही विद्यार्थ्याची फी राहिलेली नाही. कधी काही विचारावयास ती घरी येते तेव्हा आम्ही सांगतो. न विचारता सांगण्याचा मोह मात्र आवरतो. तो आवरणे जड जाते, हेही कबूल केले पाहिजे.

ज्ञातिबंधु-भगिनींनो, आपले मंडळ वडीलधाऱ्यांच्या कष्टांवर उभे आहे आणि त्यांचे ऋण फिटणारे नाही. परंतु आज कार्यकारी मंडळाच्या छायाचित्राकडे पाहिले असता त्यात काळे केस फार थोडे दिसतात. तरुण मंडळी येत नाहीत अशी आपली नेहमीची तक्रार असते. ती येतात, पण सतरंज्या घालण्यापलीकडे आपण त्यांस काही देत नाही, म्हणून परत जातात. तसेच, दोन कर्त्या सभासदांत तेढ पडली की तिचा निवाडा सभेत न करता लग्नमांडवात कुजबुज करावयाची, ही खोडही आपल्यात आहे. यास्तव येत्या सर्वसाधारण सभेपुढे आम्ही तीन सूचना ठेवीत आहोत. प्रत्येक पदाधिकाऱ्याने चाळिशीच्या आतील एक जोडीदार निवडून त्यास सर्व काम दाखवावे व सहीचा अधिकार द्यावा. कोणतेही पद एका व्यक्तीकडे लागोपाठ दोन मुदतींपेक्षा अधिक काळ असू नये. आणि सभासदांतील तंटा उद्भवल्यास महिन्याच्या आत दोन्ही पक्षांस समोर बसवून त्याचा निकाल लेखी द्यावा. यांत काही उणे असल्यास सभेने दुरुस्त करावे. परंतु विचार अवश्य करावा.

त्या मागच्या बाकावरील मुलीस उत्तर द्यावयाचे राहूनच गेले. ती आता संसारात असेल, तिची मुलेही कदाचित चौथी ओलांडून पुढे गेली असतील. ती भेटली तर आम्ही सांगू : "बाळ, महाराज गेल्यावर राज्य त्यांनी चालवलं, ज्यांना महाराजांनी काम शिकवून ठेवलं होतं, आणि ज्यांनी स्वतःच्या हक्काआधी त्या कामाकडे पाहिलं." आपल्या मागे आपल्या मंडळाविषयीही कोणा लहान मुलाने असाच प्रश्न विचारला, तर त्यास असेच उत्तर देता यावे, एवढीच श्रीचरणी प्रार्थना करून हा लेख पुरा करतो.